शिवरात्रीला व्हिडिओ आणलाय

साल १९९४, महाशिवरात्रीची संध्याकाळ. तुम्ही वेळापुरात एस.टी.तून उतरता. मार्च लागलाय, दुपारी ऊन चटका देतं, पण अंधार पडला की भिजल्या रानावरून गार वारा येतो आणि अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. पुण्याहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. आषाढात ज्ञानोबांची पालखी इथं मुक्कामाला असते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आज गर्दी आहे ती अर्धनारीनटेश्वराच्या देवळाकडे. यादवकाळातलं हेमाडपंती दगडी देऊळ, देवाचं नावच सांगतं, अर्धा शंकर, अर्धी पार्वती. तुम्ही रांगेत उभे राहता, बेल वाहता, गार फरशीवर डोकं टेकता आणि बाहेर येता.

शिवरात्रीला उपासाबरोबर जागरणही असतं. देवळात भजन रात्रभर चालेल, ज्यांचा गळा आणि गुडघे साथ देतात ते तिथं बसतील. ज्या आळीत तुम्हाला जायचंय तिथल्या लोकांनी यंदा घरटी वर्गणी काढून अकलूजहून व्हिडिओ आणलाय. असं कुणी म्हणालं की समजायचं, रंगीत टीव्ही, व्हीसीआर, चार कॅसेटी आणि ते सगळं सांभाळणारा एक पोरगा, एका रात्रीच्या बोलीनं आलेत. टीव्ही घोंगडीत गुंडाळून जीपमधून आलाय. पोरगा दहावी नापास असेल-नसेल, पण आज रात्री सरपंचाला नसेल एवढा मान त्याला आहे. त्याला सगळे ‘ऑपरेटर’ म्हणतात आणि खिचडीची पहिली ताटली त्याच्या हातात जाते.

दुसरी तुमच्या हातात येते. “बसा की पाव्हणं. रताळं घ्या, दूध घ्या.” तुम्ही कोण, कुणाकडचे, हे विचारणं नंतर होईल.

अंगणात बसायची व्यवस्था कुणी न सांगता ठरलेली आहे. पोरं पुढं, अगदी काचेला नाक लागेल इतकी पुढं. डावीकडे वाकळा टाकून बायका, उजवीकडे घोंगड्यांवर पुरुष, मागं बाजेवर म्हातारी माणसं. कुंपणापाशी बीडकडून आलेली ऊसतोडीची माणसं उभी आहेत. त्यांची कोपी पलीकडच्या रानात आहे. त्यांनी वर्गणी दिलेली नाही आणि ती कुणी मागितलेलीही नाही, पण ती आत येऊन बसत नाहीत. ही रेघ तुम्हाला दिसते. १९९४ साली ती अंगणातल्या कुणालाही खटकत नाही, हेही दिसतं.

कॅसेटी सुरू व्हायच्या आत मशीन बघून घ्या, कारण उद्याच्या जगात ते मिळणार नाही. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली ही व्हीएचएस पद्धत बाजारात आणली. काळ्या डबीत अर्धा इंच रुंद आणि अडीचशे मीटरहून लांब फीत असते. आत मिनिटाला दीड हजार फेरे घेणारं एक चकचकीत डोकं असतं, ते फितीवरचं चित्र वाचतं. डोक्यावर धूळ बसली की पडद्यावर मुंग्या येतात. मग ऑपरेटर झाकण उघडतो, स्पिरिट लावलेला कोरा कागद डोक्याला टेकवतो, आणि सगळं अंगण श्वास धरून बसतं. शेजारी स्टॅबिलायझर गुरगुरतोय, कारण रात्री विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या की दाब पडतो आणि चित्र चारी बाजूंनी आक्रसतं. कॅसेटींवर बॉलपेननं लिहिलेली नावं आहेत. १९८४ साली कायदा बदलला, त्याप्रमाणे कॅसेटवर काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र दाखवायला हवं. या कॅसेटींवर तसलं काही नाही. कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून आणखी एक कॉपी, त्यामुळे माणसांच्या चेहऱ्यांचा रंग ओघळून गालाबाहेर गेलेला.

यंदा ‘अशी ही बनवाबनवी’ मिळाली नाही, दुसऱ्या गावानं आधीच नेली. त्यावरून आळीत खरी हळहळ आहे. १९८८ चा हा सिनेमा इथं सगळ्यांनी पाहिलाय आणि तरी सगळ्यांना पुन्हा हवाय. भाड्याच्या खोलीसाठी दोन पुरुषांना बायका व्हावं लागतं, यात इथल्या कुणाला काही अचाट वाटलं नव्हतं. पुण्यात खोली शोधून आलेली पोरं प्रत्येक आळीत आहेत. बाजेवरची आज्जी म्हणते, “आमच्या गावच्या देवाला निम्मं बाईपण हाय. बाप्यानं लुगडं नेसलं तर त्यात काय हाय?” मला हे मत त्या सिनेमावर छापून आलेल्या कौतुकापेक्षा मोलाचं वाटतं. सिनेमा लिहिणाऱ्या वसंत सबनीसांना ते ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

पहिली कॅसेट देवाची असते, हा नियम. म्हणून ‘संत तुकाराम’. प्रभातचा, १९३६ सालचा, दामले आणि फत्तेलाल यांनी केलेला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. हे अंगणात कुणाला ठाऊक नाही आणि त्यानं त्यांचं काही अडत नाही. विष्णुपंत पागनीस पडद्यावर येतात तसे बाजेवरचे एक आजोबा हात जोडतात. बापे माणसं शांत बसलीत. पण बायकांकडे कान द्या.

पडद्यावर तुकोबा विठ्ठलात रंगलेत आणि घरात पोराबाळांच्या तोंडात घालायला काही नाही. त्यांची बायको चिडते, बोलते, देवालासुद्धा सुनावते. गौरी नावाच्या ज्या बाईंनी हे काम केलंय त्या प्रभातमध्ये साध्या कामाला होत्या, तिथूनच कॅमेऱ्यासमोर आल्या. ओरडण्यात आणि मायेत त्या कुठे नाटकी होत नाहीत.

“बाई खरं बोलतीया,” वाकळेवरची एक आत्या म्हणते.

“संतांची बायकू हाय ती, आसं बोलावं व्हय?” पलीकडून एक पुरुषी आवाज.

“का? संतांच्या बायकूला भूक लागत न्हाय?”

कुणी हसत नाही. वारीच्या वाटेवरच्या या गावात तुकोबांवर भक्ती आहे, तिच्यात उणं काही नाही. आणि तरी तुकोबांच्या घरात चूल पेटत नव्हती याचा हिशेब बायकांनी मनात ठेवलाय. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि बायको मागं राहते, तेव्हा आजोबा डोळे पुसतात. आत्याही पुसते. दोघं वेगवेगळ्या माणसांसाठी रडतायत हे तुम्ही इतक्या जवळ बसलाय म्हणून तुम्हाला कळतं.

सिनेमा संपला की ऑपरेटर फीत मागं गुंडाळायला लावतो. त्या चार मिनिटांत निकाल लागतो. आणि इथं तुम्ही अडकता, कारण एक चुलते वळून तुम्हाला विचारतात, “पाव्हणं, तुमास्नी कसा वाटला?”

“बरा होता,” तुम्ही म्हणता. तुमच्या काळात असंच म्हणायची सवय झालेली असते.

“बरा म्हंजी? पैसं फिटलं का न्हाय ते सांगा.”

या आळीत सिनेमाचं माप एवढं एकच आहे. चांगल्या-वाईटाच्या मधे लपायला जागा नाही. ज्यानं वर्गणी दिली त्यानं मत द्यायचं, आणि मताला कारण द्यायचं. तुम्ही वर्गणी दिलेली नसली तरी खिचडी खाल्लीय. म्हणून सांगावं लागतं की फिटले, आणि का फिटले.

दुसरी कॅसेट लागते आणि अंगणाचा अर्धा भाग सावरून बसतो. ‘माहेरची साडी’. विजय कोंडक्यांचा, १९९१ चा. मूळ कथानक ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमाचं, हे इथं कुणी सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसणार नाही, इतका तो त्यांना आपल्या घरचा वाटतो. शहरातल्या जाणकारांनी त्याला रडका म्हणून मोडीत काढलं. बायका मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याच्या टॉकीजला गेल्या. ज्यांना घरातून सोडलं नाही, त्या आज या वाकळेवर बसल्यात. त्यांच्यासाठी व्हिडिओ अंगणात आला ही साधी सोय नव्हती. दाराबाहेर न पडता, कुणाची परवानगी न काढता सिनेमा बघायला मिळणं ही त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती.

जन्मताच आई गेली म्हणून बाप पोरीचं तोंड बघत नाही. बाप विक्रम गोखले, पोरगी अलका कुबल. पुढं लग्न होतं आणि सासू म्हणून उषा नाडकर्णी येतात. पहिल्याच टोमण्याला वाकळेवरून एक शिवी जाते, चांगली खणखणीत. पोरं माना वळवून बघतात, कारण ती शिवी त्यांनी आईच्या तोंडून कधी ऐकलेली नाही.

मग रडणं सुरू होतं. पदर, ओढणी, लुगड्याचा सोगा. पुरुष अवघडतात. एक जण ऑपरेटरला म्हणतो, “पळव जरा ह्ये.” आणि तिथं त्या रात्रीतली सगळ्यांत मोठी गोष्ट घडते. बायकांमधून आवाज येतो, “पळवू नगं. आणि मघाचं ती बापाम्होरं हुभी ऱ्हातीया ते मागं घे. पुन्यांदा बघायचंय.”

ऑपरेटर दोन्हीकडे बघतो. मग बटण दाबतो. चित्र थरथरत उलटं धावतं, बाप उलटा चालत दारात जातो, आणि तो प्रसंग पुन्हा सुरू होतो.

टॉकीजमध्ये सिनेमा थांबवता येत नव्हता. दूरदर्शनवर आठवड्याला एक मराठी सिनेमा लागायचा, तोही त्यांच्या मर्जीनं आणि जाहिरातींसकट. भाड्याच्या व्हिडिओनं पहिल्यांदा बघणाऱ्याच्या हातात सत्ता दिली. काय पळवायचं आणि काय मागं घ्यायचं हे आळी ठरवायला लागली. मी याला समीक्षा म्हणतो, पूर्ण अर्थानं. नेमकी कुठली जागा पोकळ आहे आणि कुठली भरीव, हे दाखवणं म्हणजेच समीक्षा असेल तर त्या रात्री वेळापूरच्या अंगणात ती नीट चालू होती.

आणि निकाल ऐका. “बाप वाईट, सासू न्हवं,” आत्या म्हणते. “सासूला कुनीतरी आसंच छळल्यालं आसनार. बापाला कुनी छळलंतं? त्याला सिनेमात शेवटाला मापी कशापायी?” दुसरी म्हणते, “नवऱ्याला जीभ हाय का न्हाय त्येच मला कळंना.” कुंपणापाशी उभी असलेली ऊसतोडीची बाई, जिच्या कडेवर पोर झोपलंय, तीसुद्धा बोलते. ती पूर्ण रात्रीत एकदाच बोलते. “साडीपायी एवढं रडत्यात. आमी पट्ट्यावर बाळंत हुतो, साडी कुनी आणतंय?” अंगणात जरा वेळ कुणी काही बोलत नाही. मग आज्जी म्हणते, “ये की बाई आत, बस.” ती येत नाही. पोराला थंडी लागेल म्हणून कोपीकडे निघून जाते. पहाटे तीनला तिला कोयता घेऊन उठायचंय.

रडणाऱ्या बायकांना भोळं समजू नका. सिनेमा बापाला जितक्या सहज सोडतो तितक्या सहज त्यांनी सोडलेलं नाही. “रडू येतं ते तिच्यासाठी न्हाय, जिचं तिला आठवतं,” असं वाकळेवरची सगळ्यांत तरुण बाई म्हणते, आणि एवढं बोलून पाणी आणायला उठते. मला तो सिनेमा बेताचा वाटतो. त्याच्यावर त्या रात्री झालेलं बोलणं मात्र फार वरच्या दर्जाचं होतं.

तिसऱ्या कॅसेटीबद्दल थोडक्यात. पोरांच्या हट्टानं ‘झपाटलेला’, महेश कोठाऱ्यांचा, मागच्याच वर्षीचा. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. मध्यरात्र उलटलेली, अमावस्या दोन दिवसांवर, अंगणात एकच निळा उजेड. पोरं मांडीवरून मांडीवर सरकतात. दहावीची परीक्षा तोंडावर असलेला एक जण भिंतीआडून बघतोय आणि त्याच्या बापाला ते माहीत आहे. निकाल एका आठ वर्षांच्या पोरीनं दिला: “बाहुला खरा वाटतो, मोठी माणसं खोटी वाटत्यात.” त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तीन वाजले. बायका, पोरं आणि झोप आलेले पुरुष घरात गेले. पुढची रात्र उरलेल्यांची. चौथी कॅसेट शाळेतल्या मास्तरांनी स्वतः सांगून आणवली आहे. ऑपरेटर कुरकुरत होता, ती कॅसेट कुणी नेत नाही, फीत चिकटली असेल. ‘सामना’. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला सिनेमा. मास्तरांनी तो निवडायचं कारण वेगळं आहे. “दिग्दर्शक पंढरपुरात जन्मलेत,” ते सांगतात. “सोलापुरात वाढले. आपल्या मुलखातला माणूस.”

निळू फुले हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना त्याचा, गाव त्याचं, माणसं त्याची. श्रीराम लागू एक भणंग, दारूडे मास्तर. हिंदुराव त्यांना उचलून वाड्यावर आणतो, आणि मास्तर एकच प्रश्न धरून बसतात, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं. रस्त्यावरून आता बैलगाड्या जायला लागल्यात, उसानं लादलेल्या, जुवाला घुंगरं बांधलेल्या, कारखान्याच्या दिशेनं. पडद्यावरही ऊस आणि रस्त्यावरही ऊस. तुम्हाला कशातून कुठे बघावं ते समजत नाही.

इथं उसावर जगणारी माणसं बसलीत. प्रत्येकाचा कुठल्या तरी कारखान्यात शेअर आहे, बिलाची वाट बघणं आहे, पोरगा लागलाय किंवा लागायचाय. म्हणून मत द्यायला पहिल्यांदाच उशीर लागतो.

“वाईट केलं त्यानं,” शेवटी चुलते म्हणतात. “पर कारखाना काढला की. आमच्या बापजाद्यांनी हुलगं खाऊन दिस काढलं. पाणी आलं, ऊस आला, पोरं शिकली. ह्ये कुनी केलं?”

“म्हणून माणूस मारायचा?” शाळेचे मास्तर विचारतात.

“तसं कुटं म्हणतोय मी. दोन्ही खरं हाय म्हणतोय.”

मागं, दाराच्या चौकटीला टेकून, पलीकडच्या वस्तीतला एक जण बसलाय. ग्रामपंचायतीत शिपाई आहे. तो हळूच म्हणतो, “आडनाव कांबळे ठिवलंय, ते उगं न्हाय. दुसरं आसतं तर इचारणारं घरचंच कुनीतरी आसतं. मास्तराला इचारावं लागलं नसतं.”

मास्तर त्याच्याकडे बघतात. चुलते बिडी विझवतात. ‘सामना’वर मराठीत खूप लिहिलं गेलंय, त्यातलं बरंचसं चांगलं आहे. हिंदुराव म्हणजे सहकारातली सत्ता आणि मास्तर म्हणजे हरवलेली स्वातंत्र्यचळवळ, हे आपण वाचून पाठ केलंय. त्या शिपायाचं वाक्य कुठल्याही पुस्तकाइतकं वजनदार आहे. ते त्या अंगणाबाहेर गेलं नाही.

निळू फुल्यांबद्दल मात्र एकमत झालं. “आसं बोलनारा माणूस मी बगितलाय,” चुलते म्हणाले, आणि कुठे बघितला ते काही केल्या सांगेनात. पैसे फिटले का, असं तुम्ही विचारता. या वेळी विचारायची पाळी तुमची. ते म्हणतात, “फिटलं. पर बायकांम्होरं लावायला पायजे हुता. त्यांनी नीट सांगितलं असतं.”

उजाडतं. ऑपरेटर वायरी गुंडाळतो, टीव्ही परत घोंगडीत जातो. आळीतल्या चुली पेटतात, उपास सोडायचाय.

पुढचं तुम्ही जगलाय. केबल आली, सीडी आली, मोबाईलच्या कार्डावर सिनेमे भरून देणाऱ्या टपऱ्या आल्या, आता फोनवरच सगळं आहे. २०१६ साली याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ आला. त्यात अकलूजच्या रिंकू राजगुरूला आर्चीच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. ज्या गावाहून व्हिडिओ भाड्यानं यायचा तिथली पोरगी पडद्यावर गेली. त्याची नोंद झाली, आणि व्हायलाच हवी होती.

वाकळेवरच्या बायकांची नोंद झाली नाही. मराठी सिनेमाच्या इतिहासात दिग्दर्शक आहेत, पुरस्कार आहेत, किती आठवडे चालला याचे आकडे आहेत. बघणाऱ्यानं काय म्हटलं, तो कुठे चिडला, कुठली जागा त्यानं मागं घ्यायला लावली, हे नाही. व्हिडिओच्या रात्री मोठेपणी बघितलेली माणसं आता साठी-सत्तरीला आलीत. तुमच्या घरातही अशी एखादी आत्या, मावशी, चुलती असेल. एखाद्या सुट्टीत तिच्याजवळ बसा आणि विचारा. कुठला सिनेमा बघितला होता, कुणाच्या अंगणात, कुणी वर्गणी काढली होती, काय पळवलं, काय पुन्हा लावायला सांगितलं. ती ‘बरा होता’ म्हणाली तर सोडू नका, पैसे फिटले का ते विचारा. आणि वहीत लिहून ठेवा: सिनेमाचं नाव, गावाचं नाव, साधारण साल, आणि तिचं मत, तिच्याच बोलीत.